शनिवारचे काका

शनिवारी सकाळी अकरा ते बारा मी माझ्या सख्ख्या वडिलांना 'काका' म्हणायचे आणि ते मला 'ताई' म्हणायचे. आठवड्याच्या उरलेल्या सगळ्या तासांत आमचा अबोला असायचा. हे असं दीड वर्ष चाललं आणि आमच्या एकाही श्रोत्याला पत्ता लागला नाही. यात आमचं कौशल्य किती आणि नाठाळपणा किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पहिल्यापासून सांगते. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. कॉलेजच्या आवारात एक छोटं रेडिओ केंद्र आहे. छोटं म्हणजे किती, तर आत तिघं बसलेली असली की चौथ्यानं दार उघडायचं नाही, कुणाच्या तरी गुडघ्याला लागतं. केंद्राची पोहोचही बेताचीच. बिबवेवाडीत माझ्या घरी स्वच्छ ऐकू येतं, कात्रजच्या चढाला लागलं की खरखर सुरू. तिथं दर शनिवारी तासभर गप्पांचा कार्यक्रम व्हायचा. थोडं राजकारण, थोडं नाटक-सिनेमा-सणवार आणि बाकी थट्टामस्करी. मी आणि इतिहास विभागातले एक सर मिळून तो करायचो. सरांना दुसऱ्या गावी चांगली नोकरी मिळाली, ते गेले आणि मी एकटी उरले. एकट्यानं गप्पा कशा मारणार? त्याला कीर्तन म्हणतात.

आता घरचं. माझा स्वभाव तापट. तो कुठून आला हे सांगायला ज्योतिषी नको, खाण तशी माती. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. निवडणुकीच्या निकालाचा दिवस होता आणि मी नारायण पेठेत बाबांकडे जेवायला गेले होते. कोण कुणाच्या बाजूनं बोलत होतं ते सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही लगेच आमच्यापैकी एकाच्या पाटाला पाट लावून बसाल. आवाज चढले, आमटी निवली. आई असती तर तिनं दोघांच्या मध्ये ताकाचं पातेलं आणून आदळलं असतं आणि म्हणाली असती, "दिल्ली तुमच्यावाचून अडली नाही, ताक घ्या." पण आई नव्हती. मी म्हटलं, "तुमच्याशी बोलण्यात अर्थच नाही." बाबा म्हणाले, "मग नको बोलूस." मी पानावरून उठले.

तेव्हापासून मी दर बुधवारी कॉलेज सुटलं की डबा घेऊन त्यांच्याकडे जायचे. राग असला तरी बाप उपाशी ठेवायची आमच्यात पद्धत नाही. माझ्याकडे किल्ली होती. बाबा खिडकीशी पाठमोरे पेपर वाचत बसलेले असायचे. मी दारातून म्हणायचे, "बाबा, डबा आणलाय." उत्तर नाही. "बाबा, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या का?" पेपरचं पान उलटायचं, बस. अगदी समोर जाऊन उभी राहिले तर मान वर करून "हं" म्हणायचे. टीव्हीवर त्यांनी कपडा टाकून ठेवला होता. फोन उचलायचे नाहीत. संध्याकाळी मित्रांच्या कट्ट्यावर जायचे, तेही सोडलं. मला वाटायचं, काय हा राग! एका निवडणुकीपायी माणसानं जगाशी फारकत घ्यावी? आणि पोटच्या मुलीशीही?

जिना उतरताना मला रडू यायचं. शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून मी पायरीवर बसून चपलेचा पट्टा नीट करते आहे असं दाखवायचे. आई गेली ते माझ्या हातात नव्हतं. बाबा मात्र होते, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशी, आणि मला ते परत हवे होते. बाकी राजकारण गेलं खड्ड्यात.

आमच्या केंद्राच्या बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. हौशी नाटकांवर गप्पा ठेवायच्या होत्या आणि कुणीतरी त्यांना सांगितलं की ग्रंथालयातल्या ताईंचे वडील शाळामास्तर होते आणि वर्षानुवर्षं स्पर्धेची नाटकं बसवायचे. फोन उचलला जाईना म्हणून बाईंनी पोस्टानं पत्र धाडलं. मला वाटलं, समोर मी आहे म्हटल्यावर हे कसले येतात! तर आले. कडक इस्त्रीचा सदरा घालून, वेळेच्या वीस मिनिटं आधी. माझ्याकडे न बघता खुर्चीत बसले आणि पहिलं वाक्य बोलले ते साउंडवाल्याशी, "ते कानाला लावायचं आहे ते मलाही द्या."

हा आमचा साउंडवाला पन्नाशीचा, मूळचा वर्ध्याकडचा. भोसरीतला कारखाना बंद पडल्यावर तो या कामात आला. त्यानं हेडफोन दिले, बाबांनी ते टोपीसारखे नीट बसवले, खुणेनं आवाज वाढवायला सांगितला. मी मनात म्हटलं, हौस बघा म्हाताऱ्याची.

लाल दिवा लागला. मी नमस्कार वगैरे म्हटलं, पाहुण्यांची ओळख करून द्यायला तोंड उघडलं आणि अडकले. यांना म्हणू काय? घरात बोलत नाही तो माणूस, इथं जगासमोर 'बाबा' कुठल्या तोंडानं म्हणू? म्हटलं, "आज आपल्याकडे आले आहेत एक जुने नाट्यवेडे काका." बाबांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "नमस्कार ताई. आपण आठवण ठेवलीत, आभारी आहे."

आणि त्यानंतर तासभर ते माझ्याशी बोलले. खरंच सांगते, माझ्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. स्पर्धेच्या ऐन प्रयोगात पडदा ओढणारा झोपला आणि नायकाला मेल्यावर दहा मिनिटं तसंच पडून राहावं लागलं, शेवटी तो मेलेलाच उठून पडदा ओढायला गेला, ही गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकली होती. त्या दिवशी ती ऐकताना मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. माझ्या हसण्याला बाबाही हसले. कार्यक्रम संपल्यावर बाईंनी विचारलं, "काका, दर शनिवारी याल?" बाबा बाईंच्या तोंडाकडे बघत होते. बाईंनी बोटानं कॅलेंडरमधला शनिवार दाखवून पुन्हा विचारलं. "येईन," ते म्हणाले, आणि पिशवी उचलून चालते झाले. "रिक्षा बोलावू का?" मी मागून विचारलं. त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

तर असा आमचा संसार सुरू झाला. आमच्या केंद्राला एक नियम आहे. पक्षाचं नाव घ्यायचं नाही, पुढाऱ्याचं नाव घ्यायचं नाही. आधी मला तो जाचायचा. आता वाटतं, त्या नियमाला एकदा ओवाळायला हवं. नाव नाही, पक्ष नाही, मग भांडायला उरतं काय? नुसती मतं उरतात. आणि मतांवरून भांडताना आमच्या ध्यानात आलं की आमची निम्मी मतं सारखीच आहेत. बाबांनी यावर एक युक्ती काढली होती. सगळा देश म्हणजे एक सोसायटी. चेअरमन, सेक्रेटरी, गच्चीवरची पाण्याची टाकी आणि पार्किंगची भांडणं. कुठलाही विषय आला की ते तो सोसायटीत आणून बसवायचे. "चेअरमन बदलला हो ताई, टाकी तीच आहे. आत उतरून घासायला कोणी तयार नाही." एकदा कात्रजकडच्या एका बाईंचा फोन आला, "काका, आमच्याकडे टाकीच नाही, टँकर येतो." बाबा म्हणाले, "मग तुमचा खरा चेअरमन तो टँकरवाला. त्याला निवडून द्यायची सोय नाही, हीच पंचाईत." बिबवेवाडीतले एक रिक्षावाले दर आठवड्याला फोन करून सांगायचे की अकरा ते बारा ते भाडं घेत नाहीत, काका आणि ताईंचं भांडण ऐकतात. "पण तुम्ही दोघं एवढं भांडता तरी गोड कसे राहता हो?" त्यांनी विचारलं. मी घाईघाईनं पुढचा फोन घेतला.

दिवा विझला की मात्र जैसे थे. हेडफोन खाली, पिशवी हातात, चालू लागले. मी साउंडवाल्यापाशी फणकारायचे, "बघा, माइकसमोर साखर आणि बाहेर कारलं! नाटकवाला माणूस, दुसरं काय." तो वायर गुंडाळत खाली मान घालून म्हणायचा, "जाऊ द्या ना ताई."

गणपतीत तर कहर झाला. बाबांच्या घरासमोरच मंडळाचा मांडव असतो. त्या मंडळाच्या स्पीकरविरुद्ध बाबा वीस वर्षं लढत होते. पेपरांना पत्रं, पोलीस चौकीत अर्ज, अध्यक्षाला समज. अध्यक्ष बदलले, बाबा तेच. विसर्जनानंतरच्या शनिवारी मी मुद्दाम तो विषय काढला, म्हटलं आता फटाके फुटणार. बाबांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "यंदा आमच्या गल्लीतल्या मंडळानं जो समंजसपणा दाखवला, त्याला तोड नाही. दहा दिवस मी दुपारी शांत झोपलो. पोरांचं अभिनंदन करतो."

मी खो खो हसले. "काका, हा उपरोध तर आजवरचा सर्वांत धारदार!"

"उपरोध नाही ताई. मनापासून सांगतो आहे."

ते इतकं गंभीरपणे म्हणाले की मला आणखी हसू फुटलं. फोनवर फोन आले. पुढच्या शनिवारी मंडळाची पोरं शाल-श्रीफळ घेऊन केंद्रावर हजर! दाराबाहेर बाबांच्या खांद्यावर शाल पडली, नारळ हातात आला आणि बाबा खुशीत सगळ्यांकडे बघून मान डोलवत होते. अध्यक्षानं मला हळूच बाजूला घेतलं. बिचाऱ्याचा चेहरा उतरला होता. "ताई, काका खरंच खूश आहेत, की पोटात काही शिजतंय? कारण यंदा आम्ही स्पीकरच्या दुप्पट भिंती लावल्या होत्या." मी म्हटलं, "सांभाळून राहा. त्यांचं कौतुक त्यांच्या शिव्यांपेक्षा महाग पडतं." एवढं शहाणपण पाजळलं मी! डोळ्यांसमोर सगळं होतं आणि मला दिसलं नाही. रागावलेल्या माणसाला समोरच्याचा फक्त रागच दिसतो, दुसरं काय.

आणि मग तो शनिवार आला. कार्यक्रम सुरू व्हायला पाच मिनिटं होती. बाबा खुर्चीत बसले, हेडफोन लावले, खूण केली. साउंडवाल्यानं दोन बटणं फिरवली, टेबलाखाली वाकला, नाक वर करून वास घेतला. हेडफोनला आवाज पुरवणारा डबा जळाला होता. "आज हेडफोनशिवाय करू," मी म्हटलं, "समोरासमोर तर बसलोय." बाबांनी हेडफोन काढून हातात धरले, त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग उभे राहिले. "आज नको," म्हणाले, "आज मला बरं वाटत नाही."

माझं टाळकंच सरकलं. दीड वर्षाचा, सगळ्या बुधवारांचा राग एकदम वर आला. मी त्यांच्यामागे बोळात गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, शनिवारचा एक तास टाकता माझ्यासमोर, भीक घातल्यासारखा, आता तोही जड झाला? तुमचा अहंकार आईनं सोसला, मी का सोसू? बाबा माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. त्यांचे ओठ थोडे हलले. मग ते वळले आणि भिंतीला हात लावत जिना उतरून गेले.

कार्यक्रम मी एकटीनं कसाबसा ओढला. रिक्षावाल्यांचा फोन आला, "काका कुठंयत?" मी म्हटलं, "काकांना बरं नाही." दिवा विझल्यावर हेडफोनचा तो मेलेला डबा पुढ्यात घेऊन साउंडवाला बसून राहिला. मग म्हणाला, "ताई, रागावू नका जी. आता नाही राहवत. काकाजींना ऐकूच येत नाही."

"काय?"

"पहिल्या दिवसापासून नाही येत. मी त्यांच्या हेडफोनचा आवाज फुल्ल करून ठेवून राहिलो ना. आपण तो कानाला लावला तर कान फाटतील, एवढा. तेवढ्यात त्यांना तुमचं बोलणं समजते. मला शपथ घातली होती, पोरीला सांगायचं नाही म्हणून. आज मी कपाटातून मुलाखतीचं रेकॉर्डर आणायला गेलो होतो, त्याला हेडफोन लागते, काम झालं असतं. तेवढ्यात तुम्ही तोफ डागली."

मी खुर्चीत बसले. कपडा टाकलेला टीव्ही, न उचललेला फोन, सुटलेला कट्टा, पाठमोरा पेपर, शाल आणि श्रीफळ, दहा दिवसांची शांत दुपारची झोप. सगळं एकामागून एक समोर येऊन उभं राहिलं. बोळात मी काय बोलले ते त्यांना ऐकू गेलं नव्हतं. माझा चेहरा मात्र दिसला होता. मी साउंडवाल्यासमोर लहान पोरीसारखी हमसून हमसून रडले आणि तो भला माणूस काहीच न सुचून म्हणत राहिला, "चहा सांगू का ताई? चहा सांगतो."

पुढे कानाचे डॉक्टर झाले, यंत्र झालं, आणि आता बाबा मंडळाला पुन्हा पत्रं लिहितात. पण त्या शनिवारी यातलं काही नव्हतं. माझ्या पिशवीत केंद्राचं रेकॉर्डर आणि हेडफोन होते आणि मी स्कूटरवरून नारायण पेठेत निघाले होते. दुपारचे दोन वाजले असतील. मी किल्लीनं दार उघडलं. बाबा खिडकीशी पाठमोरे बसले होते. सवयीनं दारातून "बाबा" म्हटलं. पान उलटलं. या वेळी मला राग आला नाही.

मी समोर गेले आणि पेपरवर रेकॉर्डर ठेवलं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"त्यानं सांगितलं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"झाकली मूठ होती," बाबा म्हणाले. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसत राहिले. "हट्टी म्हातारा म्हटलं की लोक चार हात लांब राहतात. बहिरा म्हटलं की जवळ येऊन ओरडतात. मला पहिलं परवडतं." मग म्हणाले, "तू बुधवारी येतेस, काहीतरी बोलतेस, ते दिसायचं. काय ते कळायचं नाही. पुन्हा विचारायची लाज वाटायची. शनिवारी सगळं कळायचं."

मला बोलायचं होतं, पण बोलून उपयोग नव्हता. मी हेडफोन पुढे केले. त्यांनी चष्मा लावला, ते डोक्यावर नीट बसवले, आवाजाचं बटण स्वतःच शेवटपर्यंत फिरवलं. मी रेकॉर्डर तोंडाशी धरलं. लाल दिवा लागला. आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. दर शनिवारी तासभर चऱ्हाट वळणारी मी!

बाबा वाट बघत होते. मग त्यांचा तो रेडिओचा आवाज लावून म्हणाले, "ताई, श्रोते खोळंबले आहेत."

तेव्हा मला कळलं. दर बुधवारी मी त्यांना बाबा म्हणत आले होते, ते त्यांच्या पाठीला. त्यांच्या कानावर दीड वर्षात माझ्या तोंडून फक्त 'काका' पडलं होतं.

"बाबा," मी म्हटलं.

त्यांचा हात बटणावर तसाच राहिला. ते खिडकीबाहेर बघू लागले, समोरच्या गच्चीत कुणी वाळवण घातलं होतं तिकडे, बराच वेळ. मी पुन्हा म्हटलं, "बाबा, ऐकू येतंय का?"

"येतंय," ते म्हणाले. "बोल तू."